सरकार हे गिऱ्हाईक आहे

(जऊळका येथील शाळेच्या पटांगणात गावातील महिला बचत गट, शेतकरी व तरुण मंडळी यांच्यापुढे एका शिक्षकबंधूंनी केलेले भाषण.)



प्रथमच एक खुलासा करून टाकतो. आम्ही सरकारी नोकर आहोत. शिक्षकास धंदा-व्यापार करण्याची मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. तेव्हा मास्तर आज एवढा व्यापाराच्या गोष्टी सांगतो आहे तो उद्या दुकान उघडणार की काय, असा संशय कोणी मनात आणू नये. आम्ही काही मोठे विद्वानही नव्हे. मराठी अध्यापक विद्यालयात दोन वर्षे काढून मास्तर झालो, आणि इंग्रजी आमचे बेताचेच आहे. आज जे सांगावयाचे ते आम्ही पुस्तकात वाचून शिकलो नाही. ठेच लागून शिकलो. आणि ती ठेच एकट्या आम्हांस लागली असती तर आज तुमचा वेळ घेतला नसता. ती आमच्यामुळे इतरांना लागली.

विषय आहे तो दिल्लीच्या सरकारला माल व सेवा विकण्याचा. हे ऐकून मागे बसलेली काही मंडळी हसली, ते आम्ही पाहिले. पण बाबांनो, तुम्ही तर सरकारला माल विकतच आला आहात! २०१६-१७ साली तूर अमाप पिकली. केंद्र सरकारचा भाव बोनस धरून क्विंटलला ५०५० रुपये, आणि बाजारात व्यापारी त्याच्या पुष्कळच खाली मागत होता. म्हणून आपण नाफेडच्या खरेदी केंद्रावर गेलो. तेथे बारदाना नाही म्हणून माप बंद. ट्रॅक्टरांच्या रांगा, रात्रीचा मुक्काम, डोक्याखाली चुंगडी. २२ एप्रिल २०१७ रोजी खरेदीच थांबली; ओरड झाल्यावर राज्य सरकारला ती पुन्हा सुरू करावी लागली. पुढे २०२४ साली सोयाबीनचे तेच. हमीभाव ४८९२ रुपये, पण ओलावा १२ टक्क्यांच्या वर असला की माल परत. नोव्हेंबरात ती मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत सैल केली, तोपर्यंत गरजू माणसाने आपले सोयाबीन व्यापाऱ्याच्या काट्यावर टाकून दिवाळी उरकली होती.

आता गंमत अशी की, इतके सोसूनही आपण घरी येऊन काय म्हणतो? "सरकारने माझी तूर घेतली बरं." जणू काही उपकारच केला! वाण्याच्या दुकानातून आपण गूळ नेला तर वाणी असे म्हणतो काय की, गुरुजींनी माझा गूळ घेतला, देव त्यांचे भले करो? तो म्हणतो, पैसे टाका. विकणारा तो विकणारा आणि घेणारा तो गिऱ्हाईक. पण घेणारा सरकार असला की आपली मान आपोआप खाली जाते, आणि हात जोडलेले राहतात. जोडलेल्या हातांनी पावती कशी धरणार?

असो. धान्याच्या खरेदीत भाव सरकार ठरविते, वेळही तेच ठरविते. परंतु सरकारची याहून फार मोठी खरेदी दुसरीच आहे, आणि तिच्यात आपल्या गावाचा वाटा जवळजवळ शून्य आहे. आपल्या गावावरून रेल्वे जाते. मीटरगेजची गाडी जाऊन ब्रॉडगेज आली ती आपण डोळ्यांनी पाहिली. ती रेल्वे दिल्लीची. पोस्ट दिल्लीचे. वाशीमचे नवोदय विद्यालय दिल्लीचे. राष्ट्रीयीकृत बँका, राष्ट्रीय महामार्गाची कार्यालये, ही सगळी दिल्लीची. यांना झाडू लागतो, पिशव्या लागतात, फायली, सतरंज्या, खुर्च्यांचे कव्हर, पाण्याचे जार लागतात. साहेबाला फिरावयास महिन्याच्या बोलीने गाडी लागते. आवार झाडावयास, पहारा करावयास माणसे लागतात. हे सर्व कोणीतरी विकतो. कोण विकतो? अकोल्याचा, नागपूरचा, पुण्याचा माणूस विकतो, आणि पुष्कळदा झाडावयास मात्र आपलाच पोरगा असतो.

एके काळी याला इलाज नव्हता. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थान सरकारचा पुष्कळसा माल लंडनमध्ये खरेदी होत असे. येथल्या खरेदीसाठी स्वतंत्र खाते निघाले ते १९२२ साली. स्वातंत्र्यानंतर त्याचे मोठे संचालनालय झाले, त्याचे दर-करार, त्याच्या निविदा, त्याच्या अनामती. त्या दारापर्यंत जऊळक्याचा माणूस पोचणे म्हणजे चंद्रावर पोचण्यासारखेच. ते संचालनालय ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी बंद झाले. त्याच्या आधी, ९ ऑगस्ट २०१६ रोजी, सरकारने एक बाजार उघडला, त्याला जेम म्हणतात. हा बाजार मोबाईलमध्ये भरतो. विकणाऱ्याने आपला माल, त्याचे चित्र आणि भाव मांडून ठेवावयाचा. सरकारी कचेरीने तेथून निवडावयाचा. लहान रकमेचा माल थेट, त्याहून मोठा तुलना करून, आणखी मोठा बोली लावून. २०२४-२५ या एका वर्षात या बाजारात ५ लाख कोटी रुपयांहून अधिक उलाढाल झाली. राज्यांची खरेदीही त्यात आहे. जिल्हा परिषदेची खरेदी हा निराळा विषय आहे. त्यावर बोलू लागलो तर आमची बदली होईल.

आपल्यापैकी कोणी म्हणेल की, सरकारी कंत्राट हे आपल्या लोकांचे काम नव्हे. ते लबाड लोकांचे काम. तर मित्रांनो, ज्यांची तसबीर शाळेच्या कचेरीत लावलेली आहे ते जोतीराव फुले सरकारी कंत्राटदार होते, हे किती जणांना ठाऊक आहे? बांधकाम खात्याची कामे ते घेत. येरवड्याचा पूल, खडकवासल्याचे धरण, या कामांशी त्यांचे नाव जोडलेले आहे. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी शिक्षणाविषयी जे निवेदन दिले, त्याखाली स्वतःला व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर असे म्हणवून घेतले आहे. व्यापारी हा शब्द पहिला! आणि याच धंद्यात राहून त्यांनी इंजिनियर खात्यात कामगारांच्या नावावर कागदोपत्री कशी लूट चालते ते डोळ्यांनी पाहिले व १८७३ च्या 'गुलामगिरी'त चव्हाट्यावर मांडले. सरकारशी व्यवहार करूनही सरकारपुढे वाकावयाचे नाही, हे त्यांना साधले, कारण त्यांना लिहिता-वाचता आणि हिशेब तपासता येत होता.

आता आमची ठेच सांगतो.

काही वर्षांपूर्वी गावातल्या एका बचत गटाकडे शहरातून एक गृहस्थ आला. एका केंद्रीय कार्यालयाला ६०० कापडी पिशव्या हव्या आहेत, ऑर्डर माझ्या नावावर आहे, तुम्ही शिवून द्या, पिशवीला ३८ रुपये देतो, असे म्हणाला. कार्यालयाचे नाव येथे घेण्याचे कारण नाही; त्याचा दोष नव्हताही. बायांनी आम्हांस विचारले, "गुरुजी, कागद करावा का?" आणि आम्ही, मुलांना दररोज शुद्धलेखन घालणारे गुरुजी, काय म्हणालो? "माणूस ओळखीचा आहे, कागद कशाला?" हे वाक्य आम्ही जन्मात विसरणार नाही.

अकरा बाया होत्या. कापड-दोरा वाशीमच्या दुकानदाराकडून १४,००० रुपयांचा उधारीवर, शेकडा दोन दरमहा व्याजाने. महिनाभर रात्री मशिनी चालल्या. माल गेला. पोच कोणी लिहून घेतली नाही. पैसे आठ महिन्यांनी आले, तेही २२,८०० ऐवजी २०,४००. बाकीचे म्हणे गाडीखर्चात गेले. त्यातून कापडाचे १४,०००, व्याजाचे २,२४०, विजेचे व रिक्षाचे ८६० वजा जाता ३,३०० उरले. बाईमागे ३०० रुपये. एक महिन्याच्या रात्रींचे ३०० रुपये! त्यातल्या एका बाईने मुलीची कॉलेजची फी भरण्यासाठी त्या पैशांचा भरवसा धरला होता. मुलीचे ते वर्ष गेले. ती मुलगी आमच्याच वर्गात शिकलेली. तिच्या घरावरून जाताना आम्ही अजूनही दुसऱ्या बाजूने जातो.

पुढे समजले ते असे. कार्यालयाने त्या गृहस्थाला पिशवीमागे ६४ रुपये दिले होते, आणि दीड महिन्यात दिले होते. सरकारने पैसा थकविलाच नव्हता. पैसा आला होता. मध्ये अडला होता. आणि तो परत मागण्यास आमच्याजवळ चिठोरेसुद्धा नव्हते.

त्यानंतर आम्ही शाळा सुटल्यावर कायदे वाचावयास बसलो. इंग्रजी शब्दकोश शेजारी घेऊन वाचले. जे सापडले ते ऐकून तुम्हांला आमच्यासारखाच राग येईल, कारण ते सर्व आधीपासून होते. २००६ च्या लघुउद्योग कायद्यात असे आहे की, लहान कारखानदाराचा वा सेवा देणाऱ्याचा माल स्वीकारल्यावर घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावे, आणि ती मुदत कराराने ठरविली तरी ४५ दिवसांवर नेता येत नाही. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी तक्रार आली नाही तर माल स्वीकारला असे कायदाच समजतो. मुदत टळली की व्याज सुरू. तेही रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट आणि महिन्यामहिन्याला चक्रवाढ. समजा बँक दर ६ धरला, तर तिप्पट १८, म्हणजे महिना दीड. ३०,००० अडकले तर पहिल्याच महिन्याचे ४५० रुपये. सातवीच्या पोराला येणारे गणित आहे. पैसे न दिल्यास राज्याच्या सुविधा परिषदेकडे जाता येते. २०१७ पासून ती तक्रार समाधान नावाच्या संकेतस्थळावर घरबसल्या करता येते. परिषदेच्या निकालाविरुद्ध घेणारा कोर्टात गेला तर त्याला आधी रकमेचे ७५ टक्के भरावे लागतात. हा कायदा सरकारी कचेरीला लागू आहे, तसाच त्या शहरी गृहस्थालाही लागू होता.

मात्र ही ढाल फुकट हातात येत नाही. उद्यम नोंदणी असावी लागते, आणि ती व्यवहाराच्या आधी करून ठेवावी. माल स्वतः तयार करणारा किंवा सेवा देणारा असावा. नुसता इकडून घेऊन तिकडे विकणाऱ्याला हे संरक्षण नाही. आणि कागद असावा. उद्यम नोंदणीला १ जुलै २०२० पासून एक छदामही लागत नाही. आधार आणि पॅन, बस. बचत गटाच्या नावानेही होते. तरीसुद्धा या कामाचे हजार-पाचशे घेणारी दुकाने ठिकठिकाणी थाटली आहेत, आणि आपली माणसे तेथे पैसे मोजून येतात.

दुसरे असे सापडले की, केंद्राच्या मंत्रालयांनी व उपक्रमांनी वर्षाच्या खरेदीचा चौथा हिस्सा, म्हणजे २५ टक्के, सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा असा नियम आहे. २०१२ साली तो २० टक्क्यांचा होता, २०१८ मध्ये २५ झाला. त्यातच ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांचा आणि ३ टक्के स्त्रियांच्या मालकीच्या उद्योगांचा वाटा आहे. बयाणा रक्कम माफ. सर्वांत कमी भाव एखाद्या मोठ्या कंपनीचा असला आणि तुमचा भाव त्याच्या १५ टक्क्यांच्या आत असला, तर तिच्या भावाला उतरून तुम्हांला खरेदीचा एक हिस्सा मिळू शकतो. ३५८ वस्तू तर केवळ लहान उद्योगांकडूनच घ्यावयाच्या म्हणून राखून ठेवल्या आहेत. त्यात सर्व प्रकारच्या कापडी-तागी पिशव्या आहेत. पिशव्या! आमच्या बाया ज्या शिवत होत्या त्याच.

पण तो ४ टक्क्यांचा वाटा वर्षानुवर्षे पुरता भरत नाही. याचा दोष आम्ही सगळा कचेऱ्यांवर टाकणार नाही. विकावयास उभा राहणाराच नसेल तर वाटा कोणाला देणार? आणि जो उभा दिसतो तो पुष्कळदा खरा नसतो. याचे एक उदाहरण सांगतो, ते ऐकताना तरुणांनी कान उघडे ठेवावे.

आमचा एक जुना विद्यार्थी. हुशार, बारावी झालेला, दोन एकर कोरडवाहू. त्याला एकाने गाठले. तुझ्या नावाने फर्म काढू, तुझा जातीचा दाखला लावू, तुला काही करावयाचे नाही, महिन्याला दोन हजार घरबसल्या घे. पोराने सही दिली. मोबाईलवर ओ.टी.पी. यावयाचा आणि त्याने तो फोनवर सांगावयाचा, एवढेच काम. नियम असा की, अशा उद्योगात निदान ५१ टक्के मालकी खरोखर त्या माणसाची असली पाहिजे. येथे मालकी कागदावर शंभर टक्के आणि हातात दोन हजार. सहा महिने पैसे आले. मग माल वेळेवर पुरविला नाही म्हणून एका कचेरीची नोटीस आली, ती कोणाच्या नावाने? पोराच्या. फर्म बंद केली गेली, ती कोणाची? पोराची. तो दुसरा फोन उचलीनासा झाला. आज त्या पोराला खरोखरच गाडी भाड्याने लावावयाची आहे, कर्जाचीही सोय होते आहे, पण स्वतःच्या नावाने बाजारात उभे राहावयास जागा नाही. आमच्या आजोबा-पणजोबांनी कोऱ्या कागदावर अंगठे दिले, ते लिहिता येत नव्हते म्हणून. आम्ही याला लिहावयास शिकविले, आणि याने अंगठ्याऐवजी ओ.टी.पी. दिला.

बायांनी मात्र हाय खाल्ली नाही. गटाचे पॅन, गटाचे बँक खाते, गटाची उद्यम नोंदणी केली, आणि जेमवर पिशवी मांडली. चित्र नीट येईना म्हणून शाळेच्या फळ्यापुढे पिशवी टांगून फोटो काढला. पुष्कळ दिवस कोणी विचारले नाही. मग २०० पिशव्यांची एक मागणी आली, ५५ रुपयांनी. माल पाठविला, आणि या खेपेस पोच घेतली. तपासणीत १४ पिशव्या शिवण उसवली म्हणून परत आल्या. आमच्या बाया रागावल्या. पण पिशव्या पाहिल्यावर त्यांचे त्यांनाच पटले की, परत करणाराचे बरोबर होते. बदलून दिल्या. त्या बाजाराच्या नियमाप्रमाणे माल स्वीकारल्याचा दाखला झाल्यावर १० दिवसांत पैसे यावयास पाहिजेत. १० गेले, ३० गेले, ४५ गेले. एक म्हातारी आम्हांस म्हणाली, "मास्तर, सरकारले कोनी तगादा लावते का?" आम्ही म्हटले, "आजी, लावू या." ४६ व्या दिवशी गटाच्या अध्यक्ष बाईंच्या सहीने एक पानी पत्र गेले. त्यात रडगाणे नव्हते, 'मायबाप' नव्हते, 'कृपा करून' नव्हते. मागणीचा क्रमांक, पोच झाल्याची तारीख, स्वीकाराची तारीख, कायद्याचे कलम आणि रक्कम. ५८ व्या दिवशी ११,००० रुपये खात्यात जमा झाले. व्याज आम्ही मागितले नाही. तेव्हा वाटले, पुन्हा मागणी येणार नाही. आज वाटते, मागावयास हवे होते.

एक सावधगिरी सांगून ठेवतो. भाव मांडताना उगीच खाली जाऊ नका. स्वस्त लावला की मागणी मिळते खरी, पण मिळालेली मागणी पुरी केली नाही तर त्याच बाजारातून हकालपट्टी होते. कापड, दोरा, वीज, वाहतूक, परत येणाऱ्या पाच-दहा पिशव्या, आणि मुख्य म्हणजे स्वतःची मजुरी, हे सर्व मांडून मग भाव काढावा. आपल्या बाया स्वतःची मजुरी हिशेबात धरीतच नाहीत. विचारले तर म्हणतात, घरचेच काम आहे. हे घरचे काम नव्हे. याचे गिऱ्हाईक दिल्लीला आहे.

आणि एक. वाशीम हा केंद्राने २०१८ साली आकांक्षित जिल्हा म्हणून निवडला, म्हणजे मागे राहिलेला. त्या नावाने येथे योजना येतात, सतरंज्या अंथरल्या जातात, पाहुण्यांना पिशव्या वाटतात. त्या सतरंज्या आणि पिशव्या कोणत्या गावच्या असतात, हे यापुढे कार्यक्रमाला गेल्यावर उलटून पाहत जा. आम्ही पाहतो. शिक्का बहुधा लांबचा असतो.

आता जास्त बोलत नाही, बायांना भाकरी टाकावयाच्या आहेत. शनिवारी शाळा सकाळची असते. अकरानंतर आम्ही याच वर्गात बसू. येताना आधारकार्ड, पॅन, बँकेचे पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाईल आणावा. मोबाईल मुलाच्या नावावर असेल तर मुलालाच घेऊन यावे. पैसे कोणीही आणू नयेत. बायांच्या गटांची नोंदणी आधी, मग गाडीवाल्यांची. ज्या पोराची गोष्ट सांगितली त्यालाही आम्ही निरोप धाडला आहे. त्याच्या नोटिशीला उत्तर लिहावयाचे आहे, आणि ते तोच लिहील, आम्ही फक्त शेजारी बसू. नेट चालले तर दुपारपर्यंत चार-पाच नोंदण्या होतील. न चालले तर रेल्वे स्टेशनाकडे रेंज बरी असते, तिकडे जाऊन बसू.